औषधी, आहार आणि व्यायाम : जुनाट सांधेदुखीच्या उपचारविचाराचा महाराष्ट्राच्या संदर्भात ऐतिहासिक मागोवा

सारांश :
जुनाट सांधेदुखीने त्रस्त असलेल्या व्यक्तीसाठी आज हळद, अश्वगंधा, शल्लकी, सुंठ इत्यादी नैसर्गिक द्रव्यांच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर उपलब्ध आहेत. या द्रव्यांना प्राचीन परंपरेचा आधार असल्याचे सांगितले जाते. तथापि, ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, तिच्यात औषधी द्रव्य हे आहार, शेक, शोधन आणि हालचाल यांच्यासोबत येते. प्रस्तुत शोधनिबंधात हे घटक एकमेकांपासून कसे अलग झाले याचा मागोवा घेण्यात आला असून, पुणे परिसरात झालेल्या वैद्यकीय चाचण्यांच्या आधारे या विलगीकरणाचे परिणाम तपासण्यात आले आहेत.

बीजशब्द : सांधेदुखी, आमवात, आहारपूरके, व्यायाम, शारीरिक क्षमता, महाराष्ट्र.

१. प्रस्तावना

वेदनेचा इतिहास हा आपल्या इतिहासलेखनात काहीसा उपेक्षित राहिलेला विषय आहे. प्लेग, पटकी, देवी यांसारख्या साथींचा इतिहास लिहिला गेला. कारण त्या साथींनी गावे ओस पाडली, शासनाला कायदे करावयास लावले आणि कागदपत्रे मागे ठेवली. गुडघ्याचे किंवा कंबरेचे वर्षानुवर्षे चालणारे दुखणे माणसाला मारीत नाही. ते त्याचे फिरणे, उठणे-बसणे आणि मिळविणे हळूहळू कमी करीत जाते. म्हणूनच अशा दुखण्याची नोंद दप्तरात क्वचितच सापडते.

परंतु हा विषय गौण नाही. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात असलेल्या भिगवण या गावी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाच्या पद्धतीने सर्वेक्षण सुरू झाले. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पाहणी केलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के व्यक्तींना सांधे, स्नायू वा हाडांच्या वेदना होत्या. त्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. म्हणजेच साधारणपणे दर पाच-सहा प्रौढांमागे एक व्यक्ती दुखणे अंगावर घेऊन वावरत होती. या व्यक्तीला समाजाने, वैद्यकाने आणि बाजाराने कोणकोणते उपाय सुचविले, हा म्हणूनच सामाजिक इतिहासाचा प्रश्न ठरतो.

२. उद्दिष्टे व संशोधन पद्धती

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) सांधेदुखीविषयीच्या प्राचीन व मध्ययुगीन वैद्यकीय विचारात औषधी, आहार आणि हालचाल यांचे परस्परसंबंध पाहणे, (आ) एकोणिसाव्या व विसाव्या शतकात हे घटक वेगळे होण्याची कारणे शोधणे, (इ) आधुनिक चाचण्यांतून हाती आलेल्या पुराव्याचे मूल्यमापन करणे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक इतिहास संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून, वैद्यकीय ग्रंथ, कायदे आणि प्रकाशित चाचण्यांचे अहवाल यांचा साधने म्हणून उपयोग केला आहे.

३. ग्रंथपरंपरेतील सांधेदुखी

सातव्या-आठव्या शतकातील माधवकराच्या 'माधवनिदान' या ग्रंथात 'आमवात' या व्याधीचे स्वतंत्र प्रकरण येते. या ठिकाणी सांगितलेली कारणे लक्षणीय आहेत. परस्परविरुद्ध आहार, मंदावलेला अग्नी, स्निग्ध भोजनानंतर लगेच केलेला व्यायाम आणि निश्चलता, म्हणजे हालचालीचा अभाव, ही ती कारणे होत. अन्न आणि हालचाल या दोन्ही बाबी येथे एकाच वाक्यसमूहात येतात. अकराव्या शतकातील चक्रपाणिदत्ताने आमवाताच्या उपचारात लंघन, स्वेदन, कडू-तिखट व दीपन द्रव्ये, विरेचन व बस्ती असा क्रम सांगितला. सुंठ, एरंडेल, गुग्गुळाचे कल्प हे या क्रमातील टप्पे होते. सुंठीची पूड एकटी घेऊन रोग जाईल, असा या मांडणीचा आशय नाही.

व्यायामाविषयी मात्र ग्रंथांत दोन वेगवेगळे सूर आढळतात. दिनचर्येच्या प्रकरणात वाग्भटाने वातपित्ताचे रुग्ण, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेली व्यक्ती यांनी व्यायाम टाळावा असे म्हटले आहे. निरोगी व बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, असा त्याचा दंडक आहे. याउलट चरकसंहितेतील ऊरुस्तंभ या व्याधीच्या चिकित्सेत रुग्णाला वाळूच्या, उंचसखल जमिनीवर चालविण्यास आणि नदीत प्रवाहाच्या विरुद्ध पोहण्यास सांगितले आहे. मांड्या जखडलेल्या रुग्णाला पाण्यात उतरविणे हा उपचार म्हणूनच सांगितलेला व्यायाम होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आमवात म्हणजेच आजचा 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' आणि ऊरुस्तंभ म्हणजे अमुक एक आधुनिक रोग, अशी थेट समीकरणे मांडणे इतिहासाच्या दृष्टीने सदोष ठरते. रोगाच्या कल्पना काळाबरोबर बदलतात. मात्र दुखणाऱ्या शरीराला हालचालीची मात्रा ठरवून देता येते, हा विचार परंपरेत उपस्थित होता, एवढे विधान निर्विवादपणे करता येते. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. त्यावरून वाग्भटाचा विचार महाराष्ट्राच्या भूमीत अभ्यासला जात होता, हेही स्पष्ट होते.

४. विलगीकरणाची प्रक्रिया

एकोणिसाव्या शतकात या चित्रात मूलभूत बदल झाला. त्याची तीन कारणे सांगता येतात.

पहिले कारण म्हणजे पाश्चात्य वैद्यकातील विश्रांतीचा सिद्धांत. लंडन येथील शल्यविशारद जॉन हिल्टन यांची वेदना व विश्रांती या विषयावरील व्याख्याने १८६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दुखरा अवयव स्थिर ठेवणे हाच निसर्गाचा उपाय आहे, अशी त्यांची भूमिका होती. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनीही सांध्यांच्या रोगात दीर्घकाळ सक्तीच्या विश्रांतीचा पुरस्कार केला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालेले होते. पाश्चात्य वैद्यक येथे रुजत होते त्या काळात, ब्रिटिश शल्यवैद्यकात विश्रांतीला असे मानाचे स्थान होते.

दुसरे कारण म्हणजे वेदनाशामक गोळी. वाळुंज वृक्षाच्या जातीतील सालीपासून मिळणाऱ्या सॅलिसिनचा उपयोग टॉमस मॅक्लॅगन यांनी १८७६ मध्ये संधिज्वरावर करून दाखविला. १८९९ मध्ये बायर कंपनीने ॲस्पिरिन बाजारात आणले. वनस्पतीतील एक द्रव्य वेगळे काढावे, त्याची मात्रा निश्चित करावी आणि गोळीच्या रूपाने द्यावे, हा नवा आदर्श यातून निर्माण झाला. रुग्णाची अपेक्षाही बदलली. आठवडाभर पथ्य, शेक आणि हालचाल यांऐवजी तासाभरात आराम ही उपचाराची कसोटी बनली.

तिसरे कारण महाराष्ट्रातच घडले. आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनाची चळवळ आणि व्यायामाची चळवळ या दोन्ही येथे जोमाने वाढल्या. पण त्यांच्या वाटा बहुतांशी वेगळ्या राहिल्या. पनवेल येथे १८७२ मध्ये धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू झाला आणि वैद्याच्या घरी तयार होणारे कल्प शिक्का मारलेल्या बाटलीतून मिळू लागले. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी मराठीतून वनौषधींविषयी विपुल लेखन केले व १९०७ मध्ये आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. दुसरीकडे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध केला. या चळवळीपुढे पारतंत्र्यातील समाजाला बलवान करण्याचे ध्येय होते. तिचा नायक निरोगी तरुण होता. गुडघे दुखणारी पन्नाशीची स्त्री तालमीच्या दारात येईल, अशी कल्पना त्या काळच्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

या सर्वसाधारण चित्राला एक ठळक अपवाद आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून आसनांच्या शरीरक्रियांवरील परिणामांचे प्रयोग प्रसिद्ध केले. पुढे १९६३ मध्ये त्यांचा व डॉ. शं. ल. विनेकर यांचा यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ केंद्रीय आरोग्य शिक्षण विभागाने प्रकाशित केला. रुग्णासाठी हालचालीची मात्रा ठरविण्याचा हा गंभीर प्रयत्न होता. परंतु तो संस्थेच्या आवाराबाहेर गोळीइतक्या सहजतेने पोहोचणे शक्य नव्हते. गोळी टपालाने पाठविता येते. व्यायाम मात्र शिकवावा लागतो.

५. कायदा आणि 'नैसर्गिक' या शब्दाचे बळ

स्वातंत्र्योत्तर काळात शासनाने औषधांच्या दाव्यांवर बंधने आणली. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये संमत झाला. ज्या रोगांच्या उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांच्या सूचीत संधिवाताचा समावेश आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यात १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. मात्र पुढे 'आहारपूरक' ही नवी वर्गवारी उदयास आली. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने आहारपूरकांना बाजारात येण्यापूर्वी परिणामकारकता सिद्ध करण्याच्या अटीतून मोकळीक मिळाली. भारतात अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आणि त्याखालील २०१६ च्या नियमांनी अशा उत्पादनांना अन्नाच्या कक्षेत स्थान दिले. औषध म्हणून जे द्रव्य रोगाचे नाव घेऊ शकत नाही, ते अन्न म्हणून 'सांध्यांच्या आरोग्यासाठी' असे मोघम शब्द घेऊन ग्राहकासमोर येते.

याच काळात हळदीचा प्रश्न राष्ट्रीय अस्मितेचा बनला. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या उपयोगाचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर हे महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा विजय महत्त्वाचा होता. परंतु त्याचा नेमका अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. हा उपयोग नवा नाही, एवढेच त्या निर्णयाने सिद्ध झाले. उपयोग जुना असणे आणि तो परिणामकारक असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. लोकमानसात मात्र त्या एकरूप झाल्याचे दिसते.

६. पुण्यातील चाचण्या : पुराव्याचे परीक्षण

परंपरागत द्रव्यांची आधुनिक निकषांवर परीक्षा घेण्यात पुण्यातील संशोधकांचे योगदान विशेष उल्लेखनीय आहे. १९९१ मध्ये कुलकर्णी, पटकी, जोग, गंडगे व पटवर्धन यांनी अश्वगंधा, शल्लकी, हळद आणि जस्ताचे संयुग असलेल्या कल्पाची ४२ अस्थिसंधिवाताच्या रुग्णांवर चाचणी घेतली. यात प्रत्येक रुग्णास काही काळ खरे औषध व काही काळ प्लासिबो, म्हणजे औषधद्रव्य नसलेली तशीच दिसणारी गोळी, देण्यात आली. वेदना व असमर्थता कमी झाली. क्ष-किरण चित्रात मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही.

त्यानंतर डॉ. चोप्रा, डॉ. भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी अश्वगंधा, शल्लकी, सुंठ व हळद यांच्या कल्पावर दोन मोठ्या चाचण्या केल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताच्या ९० रुग्णांना ३२ आठवडे औषध वा प्लासिबो दिले असता औषधाचा गट सरस ठरला. मात्र २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या १८२ रुग्णांवरील १६ आठवड्यांच्या चाचणीत औषधाला प्लासिबोवर अपेक्षित आघाडी मिळाली नाही. प्लासिबो घेणाऱ्यांनाही बरेच बरे वाटले होते. एकाच प्रकारचा कल्प एका रोगात उपयुक्त ठरतो आणि दुसऱ्यात ठरत नाही, ही बाब 'सर्व प्रकारच्या सांधेदुखीवर' या दाव्याला छेद देणारी आहे.

२०१३ मध्ये ४४० रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात सुंठ, गुळवेल इत्यादींचे आयुर्वेदिक कल्प हे ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्या तोडीचे ठरले. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्याही साधनाला विचारावयाचा प्रश्न येथेही विचारला पाहिजे : तुलना कोणाशी केली? ग्लुकोसामाइनविषयी अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर झालेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्लासिबो गटातील ६०.१ टक्के रुग्णांना आराम पडला होता आणि एकंदर रुग्णांचा विचार करता ग्लुकोसामाइन त्याहून लक्षणीयरीत्या सरस ठरले नव्हते. पुण्याच्या अहवालात काही रुग्णांच्या यकृत-चाचणीत लक्षणविरहित वाढ झाल्याचेही नोंदविले आहे. संशोधकांनी ही नोंद लपविली नाही, हे त्यांच्या कामाचे मोल वाढविणारे आहे.

मात्रेचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. देवधर, सेठी व श्रीमल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संधिवाताच्या रुग्णांना रोज १,२०० मिलिग्रॅम कुर्कुमिन दिले होते. स्वयंपाकघरातील हळदीत कुर्कुमिनचे प्रमाण सुमारे ३ टक्के असते. म्हणजे तेवढ्या कुर्कुमिनसाठी रोज सुमारे ४० ग्रॅम हळद पोटात जावी लागेल. १९९८ मध्ये बंगळुरू येथील शोबा व सहकाऱ्यांनी मिऱ्यातील पिपरीनमुळे कुर्कुमिनचे रक्तातील शोषण २,००० टक्क्यांनी वाढत असल्याचे दाखविले. अनेक गोळ्यांत त्यामुळेच दोन्ही एकत्र असतात. याचाच अर्थ असा, की भाजीतील हळद आणि अशी गोळी या एकच वस्तू नव्हेत. भाजीतील हळद पिढ्यान्पिढ्या निर्धोकपणे खाल्ली गेली, हा अनुभव गोळीच्या सुरक्षिततेचा पुरावा होऊ शकत नाही. हळदीच्या संहत गोळ्या आणि अश्वगंधा यांच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

७. हरवलेला घटक : हालचाल

द्रव्यांची परीक्षा अशी चालू असताना विश्रांतीच्या सिद्धांतालाही हादरे बसत होते. १९८६ मध्ये रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ रुग्णांच्या अभ्यासातून दोन दिवसांची विश्रांती ही सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच उपयुक्त असल्याचे दाखविले; कामावरील गैरहजेरी तर दोन दिवसवाल्यांची कमी होती. १९९७ मध्ये एटिंगर व सहकाऱ्यांनी साठ वर्षांवरील, गुडघेदुखी असलेल्या ४३९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला चालण्याचा, दुसऱ्याला स्नायूंना ताकद देणारा व्यायाम देण्यात आला, तर तिसऱ्याला केवळ आरोग्यशिक्षण. अठरा महिन्यांनंतर व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत वेदना व असमर्थता कमी होती. लाभ माफक होता, पण तो निश्चित होता. आज गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात व्यायाम हा उपचाराचा मूलभूत भाग मानला जातो.

यामागील कारणमीमांसा समजण्यास कठीण नाही. दुखते म्हणून माणूस हलत नाही. न हलल्याने मांडीचे स्नायू क्षीण होतात. आधार गेल्याने सांध्यावरचा भार वाढतो आणि दुखणे बळावते. हे चक्र गोळीने काही काळ सैल पडते, पण तुटत नाही. गोळीने मिळालेला आराम हालचाल सुरू करण्यासाठी वापरला, तरच तो टिकाऊ होण्याची शक्यता असते.

या संदर्भात ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत हमखास पुढे येणारा आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. 'ती दिवसभर राबते, तिला वेगळ्या व्यायामाची काय गरज?' असे विचारले जाते. परंतु श्रम आणि व्यायाम एक नव्हेत. खुरपणी, भांडी, धुणे यांत तासन्तास एकाच स्थितीत बसणे, वाकणे आणि तेच ते सांधे वापरणे असते. तेथे भाराची मात्रा काम ठरविते, शरीर नव्हे. व्यायामात मात्रा हळूहळू वाढविता येते आणि थांबण्याचा अधिकार करणाऱ्याकडे असतो. वाग्भटाच्या अर्धशक्तीच्या दंडकाचे आजच्या संदर्भातील मोल येथे जाणवते. तो दंडक बलवानांसाठी सांगितला होता. त्याची खरी गरज मात्र दुखणाऱ्यांना आहे.

८. निष्कर्ष

१) ग्रंथपरंपरेत सांधेदुखीवरील औषधी द्रव्य हे आहार, शोधन, शेक व हालचाल यांच्या साखळीतील एक दुवा होते. आजची आहारपूरके परंपरेचे नाव घेतात. पण त्या साखळीतील एकच दुवा उचलतात.

२) व्यायामाबाबत परंपरेत निषेध व विधान असे दोन्ही सूर होते. त्यामुळे 'प्राचीनांना सर्व ठाऊक होते' आणि 'प्राचीनांनी रुग्णाला व्यायाम नाकारला' ही दोन्ही विधाने अपुरी आहेत.

३) विश्रांतीचा सिद्धांत, वेदनाशामक गोळीचा आदर्श आणि व्यायाम चळवळीचे तरुणकेंद्री स्वरूप यांमुळे दुखणारी व्यक्ती व्यायामापासून दुरावली.

४) पुण्यातील चाचण्यांनी नैसर्गिक द्रव्यांचा मर्यादित उपयोग आणि त्या उपयोगाच्या सीमा या दोन्ही बाबी प्रामाणिकपणे पुढे आणल्या. हे द्रव्य कोणत्या रोगात, किती मात्रेत व कोणाच्या देखरेखीखाली घ्यावे, हे प्रश्न 'नैसर्गिक' या विशेषणाने सुटत नाहीत.

९. समारोप

महाविद्यालयांच्या दृष्टीनेही या विषयाला व्यावहारिक महत्त्व आहे. क्रीडा विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि जवळचे ग्रामीण आरोग्य केंद्र यांच्या सहकार्याने दत्तक गावातील वयस्क स्त्री-पुरुषांसाठी चालण्याचा व स्नायूबळाचा साधा उपक्रम, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, राबविता येईल. आपल्या व्यायाम संस्कृतीने शंभर वर्षांपूर्वी तरुणांसाठी जी जागा निर्माण केली, तिच्यात दुखणाऱ्या माणसाला सामावून घेण्याचे काम अद्याप शिल्लक आहे. त्यासाठी फारसा खर्च लागत नाही. शिकविणारी व्यक्ती, ठरलेली वेळ आणि सातत्य एवढ्यावर ते सुरू करता येईल.